फ्रेममधलं घर कुणाला? चाचणी-विमानाच्या टेलिमेट्रीचं गणित

नव्या विमानाची फ्लटर चाचणी चालू असते तेव्हा वैमानिक वेग एका दमात वाढवत नाही. ठरलेल्या वेगावर येऊन तो विमान स्थिर करतो, मग कंट्रोल स्टिकला झटका देऊन किंवा खास बसवलेल्या यंत्रणेनं पंखाला मुद्दाम हिसका देतो. पंख थरथरतो आणि ती थरथर हळूहळू विरते. ती किती लवकर विरली, याकडे जमिनीवरच्या कंट्रोल रूममधल्या इंजिनिअरांचं लक्ष असतं. मागच्या वेगापेक्षा या वेगाला विरायला जास्त वेळ लागत असेल तर विमान फ्लटरच्या जवळ सरकतंय असं समजायचं. फ्लटर म्हणजे वाहत्या हवेतूनच ऊर्जा घेऊन थरथर आपोआप वाढत जाणं. ती सुरू झाली की पंख मोडायला काही सेकंदही पुरतात. म्हणून पुढच्या वेगाला जायचं की नाही, हे कंट्रोल रूममधले आलेख बघून त्याच वेळी ठरतं. विमान उतरल्यावर रेकॉर्डर काढून निवांत बघू, हा पर्याय इथे नसतो.

पंखावरच्या सेन्सरपासून कंट्रोल रूमच्या पडद्यापर्यंतचा हा रेडिओ-प्रवास म्हणजे टेलिमेट्री. तिच्याबद्दल बोलताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अँटेना आणि ट्रान्समीटर येतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण रेडिओतून जाणाऱ्या बिट्सची मांडणी आधी कुणीतरी बसून ठरवलेली असते. कोणत्या सेन्सरचं माप कधी जाणार, किती वेळा जाणार आणि कुणाच्या शेजारी जाणार, हे त्या मांडणीत असतं. त्या मांडणीला फॉरमॅट म्हणतात. तो ढिसाळ असेल तर उत्तम रेडिओसुद्धा निम्मा वेळ निरुपयोगी बिट्स वाहत बसतो.

आधी जागेची टंचाई समजून घेऊ. रेडिओ लहरींचे पट्टे मर्यादित आहेत आणि मोबाइल, उपग्रह, रडार असे सगळेच त्यांच्यासाठी रांगेत उभे आहेत. अमेरिकेत विमानांच्या टेलिमेट्रीसाठी वापरला जाणारा एक जुना पट्टा १४३५ ते १५२५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एकूण ९० मेगाहर्ट्झ रुंद. सेकंदाला १ कोटी बिट्स पाठवायच्या तर पारंपरिक पद्धतीच्या ट्रान्समीटरला, ज्याला पीसीएम-एफएम म्हणतात, साधारण ११.६ मेगाहर्ट्झ रुंदी लागते. म्हणजे अख्ख्या पट्ट्यात अशी सातच विमानं मावतात. शेजाऱ्यांमध्ये मोकळं अंतर सोडायचं म्हटलं तर त्याहूनही कमी. एकाच हवाई तळावरून एका दिवशी अनेक चाचण्या उडत असतील तर वेळापत्रकाची मारामारी ठरलेली. तेवढ्याच बिट्स कमी रुंदीत बसवणाऱ्या नव्या पद्धतीही आल्या. एसओक्यूपीएसके-टीजी या पद्धतीला ७.८ मेगाहर्ट्झ पुरतात आणि एआरटीएम-सीपीएमला सुमारे ५.६. शिवाय २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेनं ४४०० ते ४९४० मेगाहर्ट्झसारखे वरचे पट्टे काही देशांत या कामासाठी खुले केले. तरी भूक संपत नाही. विमानावरचे सेन्सर वाढतच जातात आणि कुठल्याही सेन्सरचा मालक आपलं माप कमी महत्त्वाचं आहे असं म्हणत नाही.

आता मूळ युक्तीकडे येऊ. समजा पंखाच्या टोकाचं कंपन मोजणाऱ्या सेन्सरचं एक माप १६ बिट्सचं आहे. ते जमिनीवर पोचलं की कुणाचं आहे हे कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक मापासोबत नावाची चिठ्ठी जोडता येईल. पण ती चिठ्ठीही १६ बिट्सची झाली तर निम्मा रेडिओ नावं सांगण्यातच संपला. टेलिमेट्रीनं यावर जुना आणि कमालीचा काटकसरी तोडगा काढला आहे. नाव पाठवायचंच नाही, जागेवरून ओळखायचं. विमान आणि जमीन दोघांकडे एकच तक्ता असतो. पाचव्या घरात डाव्या पंखाचं कंपन, सहाव्यात स्टिकची स्थिती, सातव्यात इंजिनाचं तापमान. त्याच क्रमानं मापं जात राहतात आणि तक्ता संपला की पुन्हा पहिल्यापासून.

अशा एका फेरीला मायनर फ्रेम म्हणतात आणि तिच्यातल्या एका घराला वर्ड. पुढच्या हिशेबांसाठी एक छोटी फ्रेम धरू. १२८ वर्ड, प्रत्येकी १६ बिट्स, म्हणजे २०४८ बिट्सची फ्रेम, आणि अशा १०० फ्रेम दर सेकंदाला. एकूण वेग झाला सेकंदाला २,०४,८०० बिट्स. खऱ्या विमानावर हा आकडा काही मेगाबिट्सपर्यंत जातो, पण हिशेबाची रीत तीच.

या फ्रेममध्ये प्रत्येक घर सेकंदाला १०० वेळा येतं. स्टिकच्या स्थितीला ते ठीक आहे. पण पंखाच्या कंपनाला १०० मापं अपुरी आणि इंधनाच्या टाकीच्या तापमानाला फारच जास्त. टाकीतलं तापमान शतांश सेकंदात बदलत नसतं.

इथे जुन्या काळची यंत्रणा डोळ्यांसमोर आणली की पुढचं सगळं सोपं होतं. सुरुवातीला हे काम एक फिरतं यांत्रिक स्विच करायचं. गोल चकतीवर धातूचे संपर्कबिंदू, प्रत्येकाला एका सेन्सरची तार जोडलेली, आणि मधोमध फिरणारा दांडा एकेका बिंदूला स्पर्श करत जाणारा. एखादा सेन्सर जास्त वेळा वाचायचा असेल तर त्याची तार समान अंतरावरच्या अनेक बिंदूंना जोडायची. हे झालं सुपरकम्युटेशन. एखादा सेन्सर क्वचितच वाचायचा असेल तर मोठ्या चकतीच्या एका बिंदूला दुसरी, हळू फिरणारी चकती जोडायची आणि तिच्यावर असे बरेच निवांत सेन्सर बसवायचे. हे सबकम्युटेशन. आता चकत्या गेल्या, त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक एन्कोडरनं घेतली, पण मांडणी तशीच राहिली. आपल्या फ्रेममध्ये कंपनाला दर १६ घरांनंतर एक अशी ८ घरं दिली की सेकंदाला ८०० मापं झाली. आणि एकच घर १६ तापमानांमध्ये वाटून दिलं, म्हणजे या फ्रेममध्ये पहिलं तापमान, पुढच्या फ्रेममध्ये दुसरं, तर प्रत्येकाला सेकंदाला ६.२५ मापं मिळतात. १६ मायनर फ्रेम झाल्या की सगळ्यांची पाळी होऊन जाते. ती पूर्ण फेरी म्हणजे मेजर फ्रेम. कितवी मायनर फ्रेम चालू आहे हे सांगायला प्रत्येक फ्रेममध्ये एक मोजणीचं घर राखून ठेवतात, नाहीतर कुठलं तापमान आलं हे जमिनीला कळणार कसं?

या सगळ्या गोष्टींची प्रमाणित भाषा आयरिग १०६ या मानकात आहे. अमेरिकेतल्या चाचणी-तळांची रेंज कमांडर्स कौन्सिल हे मानक सांभाळते, आणि ते कुणालाही मोफत वाचता येतं. मेजर फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ मायनर फ्रेम, अशा मर्यादाही त्यात आहेत. अमेरिकेबाहेरही टेलिमेट्रीची उपकरणं बनवणारे याच मानकाला धरून चालतात.

इथवर सगळं सोपं वाटतं. घरं मोजा, वाटून टाका. खरी गोची यापुढे आहे आणि ती मला या विषयातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते.

एक लहानशी फ्रेम घेऊ, १२ घरांची. एका सेन्सरला दर तिसरं घर हवं आहे, म्हणजे चार घरं. दुसऱ्याला दर चौथं, म्हणजे तीन. एकूण सात घरं लागणार आणि आपल्याकडे बारा आहेत. बसतील? कागदावर करून पाहा. पहिल्याला १, ४, ७, १० दिली. दुसऱ्याला २ पासून सुरू केलं तर २, ६, १० येतात, दहाव्या घरात टक्कर. ३ पासून सुरू केलं तर ३, ७, ११, सातव्यात टक्कर. ४ पासून केलं तर चौथ्यातच आणि १ पासून केलं तर पहिल्यातच. आठ घरं रिकामी आहेत, पण दुसऱ्या सेन्सरला समान अंतरावर बसायला जागाच नाही.

कारण शाळेतल्या मसाविमध्ये आहे. दोन सेन्सरच्या अंतरांचा मसावि १ असेल, जसा ३ आणि ४ चा आहे, तर ते कुठूनही सुरू केले तरी कधी ना कधी एकाच घरात येणार. मसावि १ पेक्षा मोठा असेल तर सुटका आहे. अंतरं ४ आणि ६ असली तर मसावि २. मग एकाला विषम घरांपासून सुरू करायचं (१, ५, ९) आणि दुसऱ्याला समपासून (२, ८). ते जन्मात भेटणार नाहीत. दोन सेन्सरपुरतं हे सोपं आहे. पण शेकडो सेन्सर, प्रत्येकाचं अंतर वेगळं आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांना टाळायचंय, असं झालं की ते फार किचकट कोडं बनतं. कितीतरी वर्षं माणसं हे कोडं तक्ते आखून हातानं सोडवत होती. आता त्यासाठी सॉफ्टवेअर असतं, तरी अनुभवी माणूस त्याचं उत्तर एकदा नजरेखालून घालतोच.

कुणी म्हणेल, दहाव्या घरात टक्कर होते तर अकराव्यात बसवा, एका घरानं काय बिघडतं? बिघडतं. कंपनाच्या आलेखातून कुठली वारंवारता किती जोरात आहे हे काढायचं गणित मापं समान अंतरानं घेतली आहेत असं धरून चालतं. आपल्या १२८ वर्डच्या फ्रेममध्ये एक घर म्हणजे सुमारे ७८ मायक्रोसेकंद, आणि ८०० मापांच्या सेन्सरला दोन मापांमधलं अंतर १२५० मायक्रोसेकंद. म्हणजे एका घराची सरक ही सहा टक्क्यांची चूक. दर फेरीत तीच चूक तिथेच होत राहिली की आलेखात पंखावर नसलेल्या वारंवारता उगवतात. आजची बरीच उपकरणं माप ठरल्या क्षणीच घेऊन ठेवतात आणि घर आल्यावर पाठवतात, त्यामुळे हा जाच पुष्कळ कमी झाला आहे. पण मग कुठलं माप कधीचं आहे हा हिशेब जमिनीवर चोख ठेवावा लागतो.

कोड्याची सगळ्यात लोकप्रिय पळवाट दोनाच्या घातांची आहे. अंतरं फक्त २, ४, ८, १६, ३२ अशीच ठेवायची. मग आधी सगळ्यात घाईचे सेन्सर बसवले आणि नंतर उतरत्या क्रमानं बाकीचे, तर एकूण घरं पुरत असतील तोवर प्रत्येकाला जागा मिळतेच. हे हमखास चालतं. पण हमखासपणाची किंमत मोजावी लागते. ज्याला सेकंदाला ११० मापं हवीत त्याला १०० अपुरी, म्हणून त्याला थेट २०० द्यायची. जास्तीची ९० मापं, प्रत्येकी १६ बिट्स, म्हणजे सेकंदाला १४४० बिट्स उगाच. असे ४० सेन्सर असले तर ५७,६०० बिट्स. आपल्या अख्ख्या रेडिओचा चौथा हिस्सा आणि वर थोडं.

इथेच चांगल्या आणि कामचलाऊ फॉरमॅटमधला फरक दिसतो. एक उपाय म्हणजे फ्रेमचा मूळ वेगच नीट निवडणं. वेग १०० ऐवजी ११० केला तर ते ४० जण एकेका घरात बसतात. पण मग ज्यांना १०० पुरत होती त्यांना दहा-दहा जास्तीची मिळणार. कुठल्या वेगाला एकूण उधळपट्टी सगळ्यात कमी होते हे यादी समोर ठेवून तपासायचं असतं, आणि उत्तर बहुतेक वेळा गोल आकडा नसतो. दुसरा उपाय फोडणीचा. दर चौथ्या घराची एक रांग घेतली तर तिच्या तीन रांगा करता येतात, प्रत्येकीत अंतर बाराचं. किंवा पाच रांगा, अंतर वीसचं. एकाच रांगेतून फोडलेल्या असल्यानं त्या एकमेकींना कधीच अडत नाहीत. म्हणजे दोनाच्या घातांच्या मोठ्या घरात तीन आणि पाचची पोटकुटुंबं नांदू शकतात. तिसरा उपाय तंत्रज्ञानाचा नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त बचत त्यातच आहे. सेन्सरच्या मालकाला जाऊन विचारायचं, की ११० का? पुष्कळदा तो आकडा जुन्या विमानाच्या यादीतून जसाच्या तसा उतरलेला निघतो.

मात्र मापं कमी करायलाही सीमा आहे, आणि ती ओलांडली तर माहिती नुसती कमी होत नाही, खोटी होते. समजा प्रोपेलरमुळे एका ठिकाणी सेकंदाला ९५ वेळा कंपन होतंय आणि आपण तिथली मापं सेकंदाला १०० वेळा घेतोय. पडद्यावर काय दिसेल? सेकंदाला ५ वेळा हलणारी सुबक, संथ लाट. ती खरी नाही, पण खोटी आहे हे तिच्याकडे बघून कळायचं नाही. आणि मोठ्या पंखाचं वरखाली वाकणं सहसा अशाच संथ वारंवारतांना होतं. फ्लटरचा इंजिनिअर नेमका तिथेच डोळे लावून बसलेला असतो. म्हणून माप घेण्याआधी सेन्सरच्या सिग्नलमधली जलद थरथर फिल्टरनं कापून टाकतात. मापांची संख्या आपल्याला हव्या असलेल्या सगळ्यात जलद कंपनाच्या दुपटीहून जास्त हवी, हा सिद्धान्त. प्रत्यक्षात फिल्टर काही सुरीसारखा कापत नाही, त्यामुळे चार-पाच पट ठेवतात. फॉरमॅट आखणाऱ्यानं मापं निम्मी केली आणि फिल्टर बदलायचं कुणाला सुचलंच नाही, तर पडद्यावर नसलेल्या लाटा नाचायला लागतात.

प्रत्येक मापाला किती बिट्स द्यायच्या हा तुलनेनं सरळ प्रश्न. उणे ५० ते १५० अंशांचं तापमान ८ बिट्समध्ये मोजलं तर एक पायरी साधारण पाऊण अंशाची, १२ बिट्समध्ये अंशाच्या विसाव्या भागाची. सेन्सरच स्वतः एखाद-दुसऱ्या अंशानं चुकत असेल तर १६ बिट्स देऊन आपण फक्त त्याची चूक बारकाईनं मोजतो. चाकं खाली आहेत की वर, असल्या हो-नाही प्रश्नांना एक बिट पुरते, म्हणून असे सोळा प्रश्न एका वर्डमध्ये कोंबतात.

आता जमिनीच्या बाजूनं पाहू. रिसीव्हरच्या दृष्टीनं हे सगळं म्हणजे एक आणि शून्यांची न संपणारी सरळ रेघ. फ्रेम कुठे सुरू होते हे त्याला सांगायला प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला एक ठरावीक खूण घालतात. १६ बिट्सची एक प्रचलित खूण अशी आहे: १११०१०१११००१००००. ती मनाला येईल तशी लिहिलेली नाही. स्वतःवरच एक घर सरकवून ताडून पाहिली तर १५ पैकी ७ ठिकाणी जुळत नाही. म्हणजे रिसीव्हर एका बिटनं चुकून अलीकडे-पलीकडे उभा राहिला तरी त्याला ही खूण सापडल्याचा भास होत नाही.

पण भास आणखी एका वाटेनं होतो. मापांच्या गर्दीत योगायोगानं तोच क्रम तयार झाला तर? १६ बिट्सची खूण योगायोगानं जुळायची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. आपल्या रेडिओवर सेकंदाला दोन लाखांवर बिट्स धावतात, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन वेळा खोटी खूण. खूण ३२ बिट्सची केली तर सरासरी पाच-सहा तासांत एकदा. रिसीव्हर एका खुणेवर विश्वास टाकतही नाही. पुढच्या फ्रेमला, बरोबर २०४८ बिट्सनंतर तीच खूण पुन्हा आली का, ते तपासतो आणि मगच फ्रेम पकडली असं मानतो.

लांब खुणेला जागा लागते. ३२ बिट्सची खूण म्हणजे दोन वर्ड, मोजणीचं घर एक, असे १२८ पैकी तीन वर्ड गेले. सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, चालण्यासारखं. तेच ३२ वर्डच्या फ्रेममध्ये नऊ टक्क्यांवर जातं. म्हणून फ्रेम लांब ठेवावी असा मोह होतो. पण विमानानं वळण घेतलं, अँटेना क्षणभर पंखाआड गेली आणि फ्रेम हातून सुटली, तर ती पुन्हा पकडायला पूर्ण एक-दोन फ्रेम जाव्या लागतात. फ्रेम जितकी लांब तितकी ही वाट लांब. आणि विमान सगळ्यात जोरात वळतं तेव्हाच माहिती सगळ्यात मोलाची असते.

रेडिओचा एक त्रास फॉरमॅटच्या डोक्यावर येऊन बसतो, तो लांबलचक शून्यांचा. बंद पडलेल्या सेन्सरची घरं सलग शून्यं पाठवत राहिली तर सिग्नल बदलतच नाही आणि रिसीव्हरला एक बिट कुठे संपली, पुढची कुठे सुरू झाली याचा ताल राहत नाही. त्यावर उपाय म्हणून बिट्स पाठवण्याआधी ठरलेल्या सूत्रानं पिंजून काढतात आणि जमिनीवर उलट क्रिया करतात. सूत्र मागच्या बिट्सवर अवलंबून असल्यानं वाटेत एक बिट बिघडली की उलट क्रियेनंतर तीन बिघडलेल्या निघतात. हा व्यवहार लोक आनंदानं पत्करतात, कारण ताल सुटला तर सगळंच जातं.

आतापर्यंत मापं आपणच घेतोय असं धरलं. पण आधुनिक विमानात बरीच माहिती विमानाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरांमध्ये आधीच फिरत असते. प्रवासी विमानांत एआरआयएनसी ४२९ नावाची जोडणी असते, तिच्यावर ३२ बिट्सचे वर्ड जातात आणि त्यातल्या ८ बिट्स नावाच्या असतात. लढाऊ विमानांत एमआयएल-एसटीडी-१५५३, सेकंदाला १० लाख बिट्सची. ती माहिती उचलून फ्रेममध्ये घालणं स्वस्त पडतं, वेगळा सेन्सर बसवायला नको आणि नावाच्या बिट्स गाळताही येतात. अडचण तालाची आहे. कॉम्प्युटर उंचीचा आकडा सेकंदाला २० वेळा बदलतो आणि आपली फ्रेम तो २५ वेळा उचलते. मग दर पाच मापांत एक शिळं, आधीचंच पुन्हा आलेलं. आलेखावर बारीक पायऱ्या दिसतात आणि नवखा माणूस विमान धक्के खातंय असं समजतो. म्हणून काही फॉरमॅटमध्ये माप ताजं की शिळं हे सांगणारी एक बिट सोबत ठेवतात.

याहून वाईट प्रकार तुटलेल्या आकड्याचा. एखादा आकडा ३२ बिट्सचा असेल तर त्याला १६ बिट्सची दोन घरं लागतात, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा. आपल्या नेहमीच्या अंकांत समजून घेऊ. उंची १९९९ मीटर आहे आणि आपण ती १९ आणि ९९ अशा दोन तुकड्यांत पाठवतोय. १९ हा तुकडा गेला. त्याच क्षणी विमान चढून २००० वर पोचलं. आता खालचा तुकडा उचलला तर तो ००. जमिनीवर जुळवल्यावर उंची वाचली जाते १९००. पुढच्या फ्रेमला पुन्हा २०००. पडद्यावर विमान एका क्षणात शंभर मीटर कोसळून परत वर आल्यासारखं दिसतं. हे नेहमी घडत नाही, फक्त आकडा असा उंबरठा ओलांडताना घडतं, म्हणून शोधायला महाकठीण. यावर दोन गोष्टी करतात. दोन्ही तुकडे एकाच मायनर फ्रेममध्ये ठेवायचे, आणि एन्कोडरनं दोन्ही एकाच क्षणी गोठवून मगच पाठवायचे. नुसती शेजारची घरं देऊन भागत नाही, गोठवावं लागतंच.

मग प्रश्न पडतो की इंटरनेटच्या जमान्यात ही ठोकळ्यासारखी फ्रेम कशाला? माहितीची पाकिटं करून का पाठवत नाहीत? पाठवतात. विमानाच्या आत आज सेन्सरपासून रेकॉर्डरपर्यंतचा प्रवास पुष्कळ ठिकाणी इथरनेटच्या पाकिटांतूनच होतो, आणि रेकॉर्डरवर रेडिओपेक्षा कितीतरी जास्त माहिती साठते. आयरिग १०६ मध्ये पाकिटं फ्रेमच्या घरांत भरून पाठवायची सोय आहे, आणि विमान व जमीन यांनी दोन्ही बाजूंनी बोलायचं जाळंही त्यात आलं आहे. त्यात जमिनीवरून सांगता येतं की वळणावर जी चार सेकंदं हरवली ती रेकॉर्डरमधून काढून पुन्हा पाठव. पाकिटांना नावाची चिठ्ठी लागते, त्यामुळे लहान-लहान मापांना ती महाग पडतात. व्हिडिओसारख्या मोठ्या किंवा अधूनमधून येणाऱ्या माहितीला मात्र सोयीची.

तरी फ्लटरच्या पडद्यावर जाणारी मापं मी तरी ठरावीक घरांतच ठेवीन. पाकीट वाटेत एक बिट बिघडल्यानं गळलं तर त्यातली सगळी मापं जातात, फ्रेममध्ये एक बिट बिघडली तर बहुधा एक-दोन मापांवर भागतं. शिवाय ठरावीक घराची वेळ ठरलेली असते. पाकीट गर्दीत अडकून उशिरा येऊ शकतं, घर कधीच उशिरा येत नाही.

घर ठरलेलं असण्याचा जाच तक्ता बदलताना कळतो. एक सेन्सर हलवला तर एन्कोडरचा तक्ता बदलायचा, जमिनीवरचा बदलायचा, आणि त्या घरातल्या आकड्याचं अंशांत किंवा मीटरमध्ये रूपांतर करणारं सूत्रही त्याच्यासोबत हलवायचं. यातलं एक राहिलं तर तेलाच्या दाबाच्या जागी तापमान दिसतं, आणि आकडा पटण्याजोगा असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तक्ता लिहायची एक प्रमाणित पद्धत आहे, टीमॅट्स नावाची. ती फाइल विमानाकडून थेट कंट्रोल रूमला दिली की हातानं उतरवायच्या चुका टळतात. पण सेन्सरची तार चुकीच्या खुंटीला जोडली असेल तर ते फाइलला काय कळणार. म्हणून उड्डाणाआधी विमान जमिनीवर उभं असताना एकजण स्टिक हलवतो, फ्लॅप खाली घेतो, सेन्सरला ओळखीचा दाब देतो, आणि दुसरा कंट्रोल रूममध्ये बसून तोच आकडा त्याच खिडकीत हलला का ते बघून यादीवर खूण करत जातो. वेळखाऊ काम आहे. फॉरमॅटमध्ये बदल सुचवणाऱ्या प्रत्येकाला एकदा या यादीसमोर बसवावं, मग आकडा ११० का, या प्रश्नाचं उत्तर लवकर मिळतं. आखणारे लोक म्हणूनच फ्रेममध्ये काही घरं मुद्दाम रिकामी ठेवतात. उशिरा आलेला सेन्सर त्यांत बसतो आणि आधी तपासलेल्या बाकीच्या घरांना कुणाला हात लावावा लागत नाही.